सक्युलंटांचा पावसाळा

लिंबू-मिरचीच्या शेजारी उलटी टांगलेली कोरफड आपल्याकडे कितीतरी दुकानांच्या आणि घरांच्या दारावर दिसते. माती नाही, पाणी नाही, मुळं उघडी. तरी ती महिनोन्‌महिने तग धरते आणि पानांची टोकं वर वळवून वाढायचा प्रयत्नही करते. तीच कोरफड चांगल्या काळ्या मातीच्या मोठ्या कुंडीत लावा आणि कुंडी उघड्या गच्चीवर ठेवा. ऑगस्टच्या झडीत ती बुडापासून मऊ पडते आणि धरून उचलली तर मुळं मातीतच राहतात. सक्युलंटांबद्दल, म्हणजे पानांत किंवा खोडांत पाणी साठवणाऱ्या झाडांबद्दल, जो सल्ला सगळीकडे मिळतो, ‘पाणी कमी घाला’, तो खोटा नाही, पण अपुरा आहे. आपल्याकडे पाणी आपण घालत नाही, ते वरून पडतं. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, मुंबईत दोन हजारांच्या वर, महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर, आणि यातलं बहुतेक सगळं चार महिन्यांत.

म्हणून कोणतं सक्युलंट लावावं याचं उत्तर पानांच्या रंगात किंवा आकारात शोधू नये. त्या झाडाच्या मायदेशी पाऊस कधी पडतो आणि तेव्हा तिथे गारठा असतो की उकाडा, एवढं कळलं की निम्मी निवड झाली.

उकाड्याचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यात पाण्याची वाफ उडून जाते. पानात पाणी साठवणाऱ्या बऱ्याच झाडांना हे परवडत नाही, म्हणून ती छिद्रं रात्री उघडतात, वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद करून त्याची साखर बनवतात. गंमत म्हणजे या व्यवहाराची पहिली नोंद झाली ती आपल्या ओळखीच्या पानफुटीवरून. मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान चघळून पाहिलं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडू. त्याचं हे निरीक्षण १८१५मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. (पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ती खाऊन गुरं दगावल्याची उदाहरणं आहेत. हा प्रयोग हाइनेवरच सोपवलेला बरा.)

रात्री काम करणाऱ्या झाडाला थंड रात्र हवी असते. देशावर दिवस तापला तरी रात्री पारा उतरतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फारच थोडा फरक असतो आणि हवा ओलीच असते. मेक्सिकोच्या डोंगरातलं झाड अशा रात्रीत नीट श्वास घेऊ शकत नाही. त्यातच मुळांभोवती पाणी साचलं की बुरशीला रान मोकळं मिळतं. नाशिकला छान वाढलेलं रोप ठाण्यात का गेलं, याचं कारण मालकाच्या हातगुणात शोधायची गरज नाही.

आता कोरफडीचं कुळ. अ‍ॅलो या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्या आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान आणि हिंदी महासागरातल्या बेटांवर पसरल्या आहेत. भारतात मूळची एकही नाही. आपली कोरफडसुद्धा अरबस्तानाच्या बाजूने फार पूर्वी आली आणि इतकी रुळली, की तिला परकी म्हणायला जीभ धजत नाही. तिच्या पानातला पारदर्शक गर आणि सालीखालचा पिवळा चीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चीक वाळवला की काळा बोळ होतो आणि तो जबर रेचक असतो. घरच्या कुंडीतलं पान कापून गर पिणाऱ्यांनी हा चीक आधी निथळू द्यायला हवा. गरोदर बाईने तर त्या वाटेला जाऊच नये.

रोपवाटिकेत ‘ठिपक्यांची कोरफड’ म्हणून जे मिळतं त्यात बराच गोंधळ असतो. खऱ्या कोरफडीच्या कोवळ्या रोपांवरही पांढरे ठिपके असतात, मोठेपणी ते जातात. पान रुंद आणि आखूड, ठिपके कायमचे, आणि फुलं लांब तुऱ्यात न येता वर सपाट झुपक्यात नारिंगी आली, तर ती बहुधा अ‍ॅलो मॅक्युलाटा. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातली ही जात आपल्या बागेसाठी मला कोरफडीहूनही सरस वाटते. जमिनीखालून पिल्लं काढत ती वाफा भरून टाकते आणि पाऊस सोसते. तिच्या जोडीला अ‍ॅलो आर्बोरेसेन्स, म्हणजे झुडपासारखी फांद्या काढणारी कोरफड. तिचा प्रदेश दक्षिण आफ्रिकेपासून वर मलावीपर्यंत पसरलेला आहे, म्हणजे उन्हाळी पावसाची तिला सवय आहे. कुंपणाच्या कडेला ओळीने लावली की हिवाळ्यात तांबड्या फुलांचे तुरे येतात. आफ्रिकेत या फुलांवर सूर्यपक्षी येतात. आपल्याकडे त्यांचाच भाऊबंद जांभळा शिंजीर येतो आणि जन्मभर याच फुलांवर वाढल्यासारखा चोच घालतो.

लहान कुंडीसाठी केनियाची अ‍ॅलो जुवेना घ्यावी. दातेरी पानांचे मनोरे करत ती दाट गुच्छ बनवते आणि उन्हात तांबूस होते. तो तांबूस रंग रोग नव्हे. कडक ऊन आणि कमी पाणी असलं की अनेक कोरफडी असा रंग धरतात, पाऊस आला की पुन्हा हिरव्या होतात. घाबरून सावलीत हलवलं तर रोप लांबुडकं आणि फिकट होतं. मादागास्करची अ‍ॅलो डेस्कॉइंग्जी जेमतेम काही सेंटिमीटरची, कुळातली सगळ्यांत लहान म्हणावी अशी. ती आणि तिच्यापासून तयार केलेले संकर खिडकीत उत्तम राहतात. वेलासारखी चढणारी सिलियारिस जाळीवर सोडली तर लवकर पसरते. तिला आता शास्त्रज्ञांनी अ‍ॅलोमधून काढून वेगळ्या प्रजातीत टाकलं आहे. गेल्या दशकात या कुळाची बरीच फाटाफूट झाली. नामिबियातला ‘तरकस वृक्ष’, ज्याच्या पोकळ फांद्यांत सान लोक बाण ठेवत, तोही आता अ‍ॅलो राहिला नाही. माळ्याच्या चिठ्ठीवर जुनं नाव असतं आणि पुस्तकात नवं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

काहींचा मोह टाळावा. लेसोथोच्या उंच डोंगरातली अ‍ॅलो पॉलिफिला पानांच्या सर्पिल रचनेमुळे फोटोत भुरळ घालते. ती बर्फ सोसते, उकाडा नाही. तरकस वृक्षाला सोलापूर-धाराशिवच्या कोरड्या माळावर, उंच दगडी ढिगावर थोडीफार आशा आहे, कोकणात अजिबात नाही. शिवाय कोरफड वगळता अ‍ॅलोच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर वन्य जीवांसंबंधीच्या साइट्स कराराचं बंधन आहे. परदेशातून कोणी रोप खिशात घालून आणलं, तर ते कायद्याच्या बाहेरचं काम आहे.

कोरफडीसारखी दिसणारी घायपात मात्र मेक्सिकोची, आणि नात्याने बरीच दूरची. कोरफड दरवर्षी फुलते आणि जगते. घायपात अनेक वर्षं वाट पाहून एकदाच प्रचंड दांडा काढते आणि मरते, मागे पिल्लं ठेवून. रेल्वेच्या कडेला आणि शेताच्या बांधावर ती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे, तेव्हा आपला पाऊस तिला चालतो हे वेगळं सांगायला नको. पण पानाच्या टोकाचा काटा डोळ्याच्या उंचीवर येतो. लहान मुलं असलेल्या घरात बिनकाट्याची, मान वळवून फुलणारी अ‍ॅगेव्ह अ‍ॅटेन्युएटा लावावी.

आपल्या हवामानाशी सगळ्यांत चांगलं जमतं ते मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेकडच्या झाडांचं. तिथेही पाऊस उकाड्यात पडतो आणि नंतर मोठा कोरडा काळ येतो. मादागास्करची युफोर्बिया मिली हे याचं ठळक उदाहरण. थायलंडच्या संकरांमुळे तिच्या फुलांचे गुच्छ आता मुठीएवढे झाले आहेत आणि ती बारा महिने फुलते. चीक मात्र डोळ्यात जाता कामा नये. छाटणी करताना चष्मा घालावा, गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा. अडेनियमचं मूळ घर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेपासून अरबस्तानापर्यंतचा पट्टा. हे कण्हेर आणि चाफ्याच्याच कुळातलं झाड आहे. खरं तर देवळापुढचा चाफाही फांद्यांत पाणी साठवणारं सक्युलंटच, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही. दोघांचं वागणं सारखं आहे: थंडीत पानं गाळून झोपतात, तेव्हा पाणी जवळजवळ बंद करायचं. अडेनियम फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटायचं, आणि कुंडी बदलताना फुगलेलं खोड दरवेळी थोडं वर उचलून बसवायचं. पावसात अडेनियम जोमाने वाढतं, अट एकच, पाणी कुंडीत क्षणभरही थांबता कामा नये.

आपल्याकडची नेहमीची सान्सेव्हिएरिया पश्चिम आफ्रिकेची. शास्त्रात ती आता ड्रासिनात गेली आहे. ऊन, सावली, जिना, कचेरीची खिडकी, तिला काहीही चालतं. इतकं चालतं की तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं उरत नाही.

‘जेड’च्या बाबतीत मात्र लिहायलाच हवं. आपल्याकडे जेड म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा पोर्टुलाकारिया आफ्रा असतं: पानं नखाएवढी, काड्या तांबूस. आफ्रिकेत हत्ती हे झुडूप आवडीने खातात. परदेशी पुस्तकांत जेड म्हणतात ते क्रासुला ओव्हाटा. त्याची पानं मोठी, जाड, कडेला लालसर. पहिलं पावसात उघड्यावर राहतं, बोन्सायला उत्तम आणि काडी खोचली की फुटतं. दुसरं पावसाळ्यात छपराखाली घ्यावं लागतं. लोक पुस्तकातली क्रासुलाची माहिती वाचून आफ्राला वर्षभर तहानलेलं ठेवतात, मग पानं गळाली की बुचकळ्यात पडतात.

पानफुटीच्या कुळातलं कलांचो ब्लॉसफेल्डियाना हिवाळ्यात लाल-पिवळ्या झुपक्यांनी रोपवाटिका भरून टाकतं. हे झाड रात्र लांबली की कळ्या धरतं. घरात रात्री उशिरापर्यंत दिवा असलेल्या कोपऱ्यात ते पुढच्या वर्षी फुलत नाही, याचं कारण खत नव्हे, दिवा. तेच झाड अंधाऱ्या रात्रीच्या गॅलरीत ठेवलं तर फुलतं.

आता ज्यांच्यावर सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात त्यांच्याकडे येऊ. एचेव्हेरिया, सेडम, ग्राप्टोपेटलम, म्हणजे गुलाबाच्या आकाराची, मेणाचा पातळ थर असलेली, निळसर-गुलाबी रोपं. ही मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. दिवसा ऊन आणि रात्री गारवा हे त्यांचं जग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती महाराष्ट्रात देखणी दिसतात. एप्रिलमध्ये कुढू लागतात आणि पावसाळ्यात मुंबईत तर त्यांचा निभाव लागत नाही. पाचगणी, नाशिक, पुण्याचा पश्चिम भाग इथे पारदर्शक छपराखाली जमतं. यातल्या त्यात चिवट म्हणजे ग्राप्टोपेटलम पाराग्वायेन्स, जे नावात पाराग्वे असूनही मेक्सिकोचंच आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एचेव्हेरिया हंगामी फुलझाडासारखी घ्यावी, शेवंती घेतो तशी, आणि ती गेली तर हळहळू नये. कॅनरी बेटांवरचं इओनियम तर हिवाळी पावसाचं. ते आपल्या उन्हाळ्यात झोपतं आणि झोपेतच पाऊस अंगावर आल्याने सडतं.

मेक्सिको म्हटलं की सगळं कोरडंच, असंही नाही. ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, ज्याची कळी फुगली की रात्री शेजाऱ्यांना बोलावणं जातं, तेही मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडचं निवडुंगच आहे. पण त्याचं घर ओल्या जंगलात, झाडांच्या फांद्यांवर. म्हणून ते आपल्या श्रावणात खुशीने फुलतं, अर्धी सावली मागतं आणि कडक उन्हात पिवळं पडतं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच झाड आहे. सांगली-सोलापूरच्या शेतांत उभं राहिलेलं ड्रॅगन फ्रूटही अशाच चढणाऱ्या जंगली निवडुंगांपैकी. निवडुंग या एका शब्दाखाली वाळवंट आणि वर्षावन दोन्ही येतात.

खिडकीतल्यांसाठी हावोर्थिया आणि गॅस्टेरिया. मायदेशी झुडपांच्या आणि खडकांच्या सावलीत वाढत असल्याने त्यांना थेट दुपारचं ऊन नकोच. पट्टेरी हावोर्थिया आणि आडव्या कंगोऱ्यांच्या पानांची लिमिफोलिया या दोन आपल्याकडे टिकतात. पारदर्शक टोकांच्या, महागड्या मऊ जाती मात्र एसीच्या खोलीतल्या उजेडाच्या खिडकीत बऱ्या.

इतकी परदेशाची यादी वाचताना एक गोष्ट सतावते. सह्याद्रीला स्वतःची सक्युलंटं आहेत आणि ती जगातल्या तोलामोलाची आहेत, तरी बागांत ती जवळजवळ नाहीत. निवडुंग म्हणून गावोगाव कुंपणाला असलेल्या आपल्या युफोर्बिया काटेरी दिसल्या तरी निवडुंगाच्या कुळातल्या नाहीत. त्यांना चीक असतो, खऱ्या निवडुंगाला बहुधा नसतो. माकडशिंग माळरानावर आणि कातळावर काटकुळ्या खोडांनी उभं असतं आणि फुललं की बारकाईने पाहावं असं असतं. कंदीलपुष्पाच्या म्हणजे सेरोपेजियाच्या कितीतरी जाती फक्त इथल्याच. जमिनीत कंद, पावसाळ्यात वेल किंवा ताठ रोप, आणि माशीला थोडा वेळ कोंडून ठेवणारं कंदिलाच्या आकाराचं फूल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जाती शोधण्याचं, वाढवण्याचं आणि जपण्याचं मोठं काम केलं.

आणि शिवसुमन. १८६०च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरच्या परिसरातून या झाडाची नोंद केली आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून त्याला फ्रेरिया इंडिका नाव दिलं. शिवनेरीच्या कड्यावर आणि सह्याद्रीतल्या मोजक्या ठिकाणी ते लोंबतं. जाड खोडं पावसाळ्यात पानं काढतात, पावसाच्या शेवटी तारेच्या आकाराची, पिवळ्या नक्षीची गडद तांबडी फुलं येतात आणि उन्हाळ्यात पानं गळून फक्त खोडं उरतात. माकडशिंगाच्या गोतावळ्यात अशी ठसठशीत पानं असणारं हे वेगळंच झाड. दुर्मीळ असलं तरी फांदी लावून ते सहज वाढतं, त्यामुळे कड्यावरून ओरबाडण्याचं समर्थनच होऊ शकत नाही. ज्या वनस्पती उद्यानांनी ते वाढवलं आहे त्यांच्याकडून रोपं बागांत यायला हवीत. परदेशातल्या संग्राहकांच्या काचघरांत ते आहे आणि जुन्नरच्या घरांत नाही, हे चमत्कारिक आहे.

बागेची खरी शिकवणीही इथेच मिळते. शिवसुमन जिथे वाढतं तिथे पाऊस मुबलक. तरी ते सडत नाही, कारण मुळं कातळाच्या भेगेत चिमूटभर मातीत असतात आणि पाणी पडलं तसं वाहून जातं. म्हणजे पावसाचा आकडा नव्हे, पाणी किती वेळ मुळाशी थांबतं ते महत्त्वाचं. काळी माती ओली झाली की फुगते आणि हवा बाहेर काढते, ती सक्युलंटांसाठी बादच. कोकोपीटही धोक्याचं. वरून कोरडं दिसतं आणि आत ओल धरून बसतं. रोपवाटिकेतून आणलेलं रोप बहुधा कोकोपीटमध्येच असतं, ते झटकून काढावं. दोन भाग बारीक खडी किंवा विटांचे चुरलेले तुकडे, एक भाग मुरूम, एक भाग पोयटा आणि मूठभर गांडूळखत एवढं पुरतं. कोकणातल्यांनी जांभ्याचे तुकडे वापरावेत, फुकट आणि उत्तम. शेणखत चांगलं कुजलेलं नसेल तर त्यातून हुमणी येते आणि मुळं आतल्या आत खाते. बाहेरून रोप तहानलेलं वाटतं, आपण पाणी घालतो आणि शेवट लवकर होतो. कुंडी मातीची, पसरट. जमिनीत लावायचं तर वीतभर उंच दगडी ढीग करून त्याच्या उतारावर.

शत्रू दोनच मोठे. पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण, जो मुळांवरही बसतो, आणि पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगाय. पहिल्याला स्पिरिटचा बोळा, दुसरीला रात्री बॅटरी घेऊन वेचणं. रासायनिक औषधांपर्यंत क्वचितच जावं लागतं.

चिवट झाड लावताना ते बाहेर पडणार नाही ना, हेही पाहावं. फड्या निवडुंगाचा इतिहास बोलका आहे. किरमिजी रंगाच्या किड्यांची पैदास करायची म्हणून १७९५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात किडा भारतात आणला गेला. तो निघाला भलताच, रंग फारसा देईना, पण एका जातीचा निवडुंग मात्र त्याने फस्त केला. दुसरी जात पसरतच राहिली, तेव्हा १९२६मध्ये तिला खाणारा वेगळा किडा मुद्दाम आणून दक्षिण भारतातली हजारो एकर जमीन मोकळी करावी लागली. पानाच्या कडेवर शेकडो पिल्लं धरणारे मादागास्करचे कलांचो आज त्याच वाटेवर असू शकतात. त्यांची छाटलेली पानं ओढ्याकाठी किंवा टेकडीवर टाकू नयेत. पानफुटीचं एक पान पडलं तरी रान होतं.

खरेदीची वेळही बदलायला हवी. हिवाळ्यातल्या प्रदर्शनात सगळंच टवटवीत असतं, रंग फवारलेली आणि गोंदाने कागदी फुलं चिकटवलेली निवडुंगंसुद्धा. सप्टेंबरच्या शेवटी आपल्याच तालुक्यातल्या रोपवाटिकेत जावं, छपराखालची मांडणी सोडून मागच्या उघड्या अंगणात काय उभं आहे ते पाहावं आणि बुडाशी बोटाने दाबून घट्ट लागेल तेच घ्यावं.